त्या गड्याला कुणी विचारलं का?

दिवाळीला आठ दिवस उरले होते. भाजणी भिजवून मी चकल्यांचं पीठ मळत होते, हात मनगटाच्या वरपर्यंत माखलेले, ओव्याचा आणि तिळाचा वास घरभर, कढईतलं तेल नुकतं तापायला लागलेलं. तेवढ्यात लेक शाळेतून आला, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि बूटही न काढता ओट्यापाशी येऊन त्यानं फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. "आई, हॉपकिन्सला घेतलं आपण." आपण म्हणजे कॅन्सस सिटी चीफ्स, अमेरिकन फुटबॉलमधली आमच्या शहराची टीम. या भागात राहून आम्हाला १९ वर्षं झाली. आमच्या घरात चीफ्सना 'ते' असं कुणी म्हणत नाही. तारीख २३ ऑक्टोबर २०२४, बुधवार. डीआंड्रे हॉपकिन्स, वय ३२, टेनेसीहून आमच्याकडे येणार. बदल्यात टेनेसीला पुढच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवी पोरं निवडायच्या दरवर्षीच्या सोहळ्यातला, पाचव्या फेरीतला एक पिक, म्हणजे एक पोरगा निवडायचा हक्क, मिळणार, आणि तो ठरल्याइतका खेळला व आपण सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, गाठला, तर पाचव्याऐवजी चौथ्या फेरीतला. मला इतका आनंद झाला की पिठाच्या हातानंच मी त्याचा खांदा धरला.

लेकाला आनंद झाला नव्हता. तो १७ वर्षांचा आहे आणि या खेळातली आकडेवारी त्याला तोंडपाठ असते. "सहा सामन्यांत १५ झेल, १७३ यार्ड. बस्स. ऑगस्टमध्ये गुडघा दुखावलेला. आणि पाचवी फेरी म्हणजे काय गं? टायरीक हिल पाचव्याच फेरीत मिळाला होता आपल्याला, २०१६ मध्ये. तसला एखादा पोरगा आपण आज देऊन टाकला." मी विचारलं, मग आत्ता झेलणार कोण? राशी राइसचा गुडघा सप्टेंबरच्या शेवटी गेला होता, तोही चेंडू पळवणाऱ्याला अडवायला गेलेला आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, माहोम्स त्याच्यावरच आदळून. मार्कीस ब्राउन प्री-सीझनच्या पहिल्याच सामन्यात खांदा धरून बाहेर गेला तो आलाच नव्हता. जूजूची मांडी तीनच दिवसांपूर्वी आखडली होती. सहापैकी सहा सामने जिंकलेल्या टीमकडे चेंडू घ्यायला माणूस उरला नव्हता. तासभर आम्ही दोघं वाद घालत होतो. शेवटी तो म्हणाला, "आई, म्हातारा झालाय तो," आणि पहिल्या घाण्यातली मोडकी चकली उचलून जिना चढून गेला.

रात्री नऊला मी आबांना फोन लावला. कोल्हापुरात तेव्हा सकाळचे साडेसात. आबा ८४ वर्षांचे आहेत, आणि सकाळच्या चहाला रोज मी फोनवर असते. दिवसभरात काय झालं ते मी सांगते, पेठेत काय झालं ते ते सांगतात. त्या दिवशी हॉपकिन्सचं सांगितलं. हा खेळ त्यांनी कधी पाहिलेला नाही, पण हंगाम, टीम, गडी, दुखापत हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. "म्हणजे हंगाम चालू असताना गडी दुसऱ्या तालमीला दिला?" हो म्हटलं. "बदल्यात काय घेतलं?" एक पोरगा, मी म्हणाले, पण कोण ते अजून ठरलेलं नाही, एप्रिलमध्ये ठरेल. आबा थोडा वेळ गप्प होते. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्या गड्याला कुणी विचारलं का गं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. करारात तसं कलम असलं तर विचारावं लागतं, नाहीतर नाही, इथं असंच चालतं, असलं काहीतरी. विषय पुढे भावाच्या गाडीवर गेला. पण फोन ठेवल्यावर गार झालेल्या चकल्या डब्यात भरताना मी थांबले.

तासभर आम्ही मायलेक भांडलो होतो, आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघाला नव्हता.

मी फुटबॉलच्या गावातली मुलगी आहे. आमच्या लहानपणी शाहू स्टेडियमवर दुपारची मॅच असली की पेठेतली निम्मी दुकानं अर्धवट उघडी असायची. गॅलरीच्या तापलेल्या पायऱ्यांवर आबा वर्तमानपत्र पसरायचे, मी त्यांच्या मांडीला टेकून बसायचे, आणि भाजक्या शेंगांची पुडी आमच्या दोघांत असायची. त्यामुळे इथं आल्यावर ज्या खेळात चेंडू हातात धरून पळतात त्याला फुटबॉल म्हणतात हे पहिली दोन वर्षं मला पटत नव्हतं. मन लागलं ते एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट रिसिव्हरची, म्हणजे धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्याची, आहे. रिसिव्हर जिथे उभा आहे तिथे चेंडू टाकत नाहीत. तो जिथे पोचणार आहे तिथे टाकतात. तो दहा पावलं सरळ धावतो आणि अकराव्या पावलाला झटक्यात आत वळतो. त्यानं मान वळवायच्या आधीच क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटलेला असतो. त्या क्षणी तिथं गवताशिवाय काही नसतं. माहोम्स रिकाम्या गवतावर चेंडू टाकतो, कारण दुसरा माणूस तिथे येणार याची त्याला खात्री असते. ही खात्री सरावानं येते, त्याच वाटेनं शेकडो वेळा धावून येते. एकानं एक पाऊल कमी टाकलं तर चेंडू समोरच्याच्या हातात. ज्या दिवशी मला हे दिसलं त्या दिवसापासून मी हा खेळ बघते आहे, आणि चेंडूपेक्षा जास्त वेळ रिसिव्हरच बघते.

आता यात एक अडचण आहे, आणि ती लेकाच्या बाजूची आहे. मधल्या हंगामात आलेल्या माणसाजवळ हा सराव नसतो. प्रशिक्षक अँडी रीडच्या टीममधल्या चालींची नावंच इतकी लांबलचक असतात की दहा वर्षं खेळलेल्यालाही ती नव्यानं पाठ करावी लागतात. गेल्या बुधवारपर्यंत जी चाल एका नावानं ओळखायची, ती या बुधवारपासून दुसऱ्या नावानं. मी इथं नोकरी बदलली तेव्हा तीन महिने मीटिंगमध्ये कुणी काही बोललं की मनातल्या मनात जुन्या ऑफिसच्या भाषेत त्याचा अर्थ लावून मगच तोंड उघडायचे. हॉपकिन्सला तीन महिने नव्हते. चार दिवसांत लास व्हेगासला सामना होता. तिथं त्यानं दोन चेंडू घेतले, २९ यार्ड. लेकानं माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.

ड्राफ्टचं त्याचं प्रेम मला समजतं, कारण ते माझ्यासमोर जन्मलं. एप्रिल २०२३ मध्ये ड्राफ्ट आमच्याच शहरात झाला, युनियन स्टेशनसमोर. आम्ही दोघं समोरच्या युद्धस्मारकाच्या उतारावर गवतात बसलो होतो, संध्याकाळी वारा गार झाला होता, कुठून तरी धुरावलेल्या मांसाचा वास येत होता. मंचावर एकेक नाव पुकारलं जायचं आणि कुठल्या तरी गावचा विशीतला पोरगा हसत-रडत वर यायचा, आई-बापाला मिठी मारायचा. ३२ टीम, सात फेऱ्या. लेक प्रत्येक नावाला उभा राहून टाळ्या वाजवत होता, आपली टीम असो नसो. त्याच्या लेखी पिक म्हणजे मंचाच्या मागच्या बाजूला उभा असलेला, अजून नाव न पुकारलेला एक मुलगा. त्या मुलाच्या गुडघ्याला कधी काही झालेलं नसतं. त्याच्या हातून कधी चेंडू सुटलेला नसतो. तो काहीही होऊ शकतो. १७ व्या वर्षी त्याच्याकडे ओढा असणार हे स्वाभाविकच आहे, आणि मी त्याला त्याबद्दल कधी बोलले नाही.

माझा ओढा वेगळा होता. मला हॉपकिन्सचे हात माहीत होते. २०१८ च्या हंगामात ह्यूस्टनकडून खेळताना त्यानं ११५ चेंडू घेतले होते, १,५७२ यार्ड, आणि जे हिशेब ठेवतात त्यांच्या वहीत हातातून सुटलेला एकही नव्हता. नोव्हेंबर २०२० मधला तो झेल तर मी किती वेळा पाहिला असेन. ॲरिझोना विरुद्ध बफेलो, ॲरिझोना मागे, शेवटची काही सेकंदं. कायलर मरी डावीकडे पळत सुटला, पडता पडता त्यानं चेंडू उंच फेकला. ४३ यार्ड. गोलरेषेच्या आत तीन बचावपटू आणि त्यांच्या मधोमध हॉपकिन्स. चौघेही उडाले. आठ हात वर गेले आणि चेंडू नेमका त्याच्या दोन हातांत राहिला. खाली येतानाही ते तिघं त्याच्या अंगाला लगडलेले होते. घड्याळात दोन सेकंद उरली होती आणि ॲरिझोना ३२-३० जिंकली. ते साल असं होतं की घरातून बाहेर पडायची भीती वाटायची, कोल्हापूरला जाता येत नव्हतं. रात्री झोप आली नाही की मी तो झेल लावायचे. आवाज बंद करून. तो माणूस आपल्या शहरात येणार म्हटल्यावर मी आकडे कशाला बघू?

पण आबांचा प्रश्न ऐकल्यापासून मी त्याच्याकडे दुसऱ्या बाजूनं बघायला लागले. हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदा होत नव्हतं. ह्यूस्टननं त्याला २०१३ मध्ये पहिल्या फेरीत निवडलं, सात हंगाम तो तिथं खेळला, आणि मार्च २०२० मध्ये त्याला ॲरिझोनाला देऊन बदल्यात एक धावणारा खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतला पिक घेतला गेला, चौथ्या फेरीतल्या पिकची अदलाबदल वेगळी. ह्यूस्टनचे लोक आजही त्या सौद्याचं नाव काढलं की हळहळतात. तीन वर्षांनी ॲरिझोनानं त्याला मोकळं केलं. मग टेनेसी. तिथं पहिल्या वर्षी हजाराच्या वर यार्ड केले, दुसऱ्या वर्षी टीम सहापैकी पाच सामने हरली आणि त्याला बुधवारी सामान बांधायला लागलं. पगार मोठा असतो, मान्य. पण ड्रॉवरमधल्या वस्तू, शेजारी, रोजचा रस्ता, ज्याच्याबरोबर धावून वाटा पाठ केल्या तो क्वार्टरबॅक, हे सगळं एका दुपारीत मागे राहतं.

तेव्हाच मामा आठवले. खरं तर इतकी वर्षं मी त्यांना मुद्दाम आठवलं नव्हतं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. साऱ्या पेठेचेच मामा. फाउंड्रीत कामाला होते, कातडी उन्हानं आणि भट्टीनं रापलेली, आणि डाव्या पायात जादू. डाव्या बगलेवरून ते बॉल घेऊन निघाले की गॅलरीत आबा शेंग सोलायचे थांबायचे. चौदा हंगाम ते आमच्या पेठेकडून खेळले. मी आठवीत होते त्या वर्षी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे के.एस.ए.च्या, लीगची नोंदणी झाली आणि आमच्या टीमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कारभाऱ्यांना नवी पोरं हवी होती. दुसऱ्या एका पेठेनं त्यांना बोलावलं आणि मामा गेले. कोल्हापुरात याचा अर्थ काय होतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्यांची बायको नळावर आली की बायका बाजूला सरायच्या.

त्या हंगामात आमची गाठ त्याच पेठेशी पडली. मामा पहिल्या हाफमध्ये बाहेर बसून होते. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांना आत घेतलं तेव्हा गॅलरीतून ज्या शिव्या आल्या त्या मी पहिल्यांदाच ऐकत होते. पळण्यात आता ते कमी पडत होते, आमचा बॅक त्यांना दोनदा सहज गाठून गेला. मग एकदा हाफ लाइनवरून उंच बॉल आला. मामा पळालेच नाहीत. दोन पावलं मागे सरले, छातीवर बॉल घेतला, तो मांडीवर उतरू दिला, आणि डाव्या पायानं असा हलका सरकवला की त्यांच्या टीमचा एक कोवळा पोरगा धावत येत होता त्याच्या पुढ्यातच तो येऊन थांबला. पोरानं नुसता पाय लावला. गोल. आमच्यावर. सगळी गॅलरी थंड पडली. मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या तळहातावर सोललेले दाणे होते आणि त्यांनी मूठ घट्ट मिटली होती. टाळी नाही, शिवी नाही.

संध्याकाळी मामा आमच्या दारात आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, पायात अजून मॅचचे मोजे, त्यांवर वाळलेला चिखल. आई म्हणाली, पाणी आण गं. मी आणलं नाही. आठवीतल्या मुलीला जेवढा राग करता येतो तेवढा मी केला होता, दाराआड उभी राहून. आईच तांब्या घेऊन गेली. आबांनी त्यांना आत बसवलं, चहा सांगितला, आणि बराच वेळ दोघं काही न बोलता बसले. मग आबांनी विचारलं, "तुला विचारलं होतं का रे कुणी?" मामा बशीतला चहा बघत म्हणाले, "न्हाई दादा. यादी लागली. तीत नाव नव्हतं." एवढंच. चहा पिऊन ते गेले. तो त्यांचा शेवटचा हंगाम ठरला.

आबांचा प्रश्न हॉपकिन्ससाठी नवा नव्हता. तो ३५ हून जास्त वर्षं त्यांच्याजवळ होता. मी तेव्हा दाराआडून ऐकला होता आणि विसरले होते.

भाऊबीज रविवारी झाली. भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, निरांजनाची ज्योत फोनच्या काचेत दिसत होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी ४ नोव्हेंबरला, ॲरोहेडवर, आमच्या स्टेडियमवर, टॅम्पा बेची मॅच होती. आबांना मी आदल्या दिवशीच म्हटलं होतं, उद्या त्या गड्याचा खेळ तुम्हाला ऐकवते. कोल्हापुरात पावणेसात वाजले होते तेव्हा इथं मॅच सुरू झाली. पाऊस पडत होता. टीव्हीवरच्या दिव्यांच्या उजेडात पावसाच्या रेघा तिरप्या दिसत होत्या आणि लोक पिवळे रेनकोट घालून उभे होते. मी फोन स्पीकरवर ठेवून सोफ्याच्या हातावर ठेवला आणि बोलत राहिले. आबा, आता डावीकडे उभा आहे तो. आबा, पळाला. वळला. आला बॉल, घेतला! ओल्या चेंडूवर त्याची बोटं अशी बसत होती जणू चेंडू कोरडाच आहे. पळण्यात तो कुणाला मागे टाकत नव्हता, बचावपटू त्याच्या अंगाला अंग लावूनच होता, पण चेंडू येण्याच्या अर्ध्या क्षणाआधी तो खांदा मधे घालायचा आणि पाठीनं त्याला अडवून ठेवायचा. "कुस्तीतला दिसतोय," आबा म्हणाले. मला ते शब्द सुचले नसते. खरंच तो जागा धरत होता, लाल मातीत पैलवान धरतो तशी.

त्या रात्री त्यानं आठ चेंडू घेतले, ८६ यार्ड, आणि दोन टचडाउन, म्हणजे दोनदा चेंडू गोलरेषेच्या आत. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला, करीम हंट आत घुसला आणि आपण ३०-२४ जिंकलो. आबा मधे अंघोळ उरकून, देवपूजा करून परत फोनवर आले होते. लेक माझ्या शेजारी उभा राहून आजोबांना ओरडून सांगत होता, "आबा, दोन! दोन टचडाउन!" दोन आठवड्यांपूर्वीचं म्हातारपण त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

त्यांना मी एक गोष्ट मग निवांत सांगितली. हॉपकिन्स दहा वर्षांचा असताना, २००२ मध्ये, एका बाईनं त्याच्या आईच्या अंगावर दाहक रसायन टाकलं. सब्रिना ग्रीनली त्यांचं नाव. त्यांची दृष्टी गेली. पुढे मुलगा एवढा मोठा खेळाडू झाला, पण तोवर त्यांनी त्याला एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या मोठ्या लीगमध्ये, खेळताना डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या स्टेडियममध्ये येऊन बसायच्या, आणि त्यांची मुलगी शेजारी बसून त्यांना सांगायची, आता कुठे उभा आहे, आता पळाला, आता आला चेंडू. टचडाउन केला की हॉपकिन्स धावत कठड्यापाशी जायचा आणि चेंडू आईच्या हातात द्यायचा. ज्या चेंडूसाठी एवढी सगळी धडपड, तो त्यांना असा कळायचा: ओला आहे की कोरडा, माती लागली आहे की नाही, शिवण कुठून जाते. आबा ऐकत होते. "मग तिला सगळंच दिसतं की," एवढंच म्हणाले.

घ्यावा का म्हातारा होत आलेला खेळाडू? डिसेंबरभर लेक आणि मी यावर बोलत राहिलो, आता भांडण न करता. हॉपकिन्सच्या सौद्याच्या आठच दिवस आधी दोन टीमनी असेच सौदे केले होते. बफेलोनं अमारी कूपरला घेतलं आणि न्यूयॉर्क जेट्सनी दाव्हांते ॲडम्सला. जेट्सची गोष्ट मला फार लागली. सहापैकी चार सामने हरून झालेले, प्रशिक्षकाला आठवड्यापूर्वी काढलेलं, क्वार्टरबॅक चाळिशी ओलांडलेला. त्याचा जुना सोबती म्हणून ॲडम्सला आणलं. ॲडम्स वाईट खेळला का? ११ सामन्यांत ६७ झेल, ८५४ यार्ड, सात टचडाउन. आणि तरी जेट्स १७ पैकी १२ सामने हरले, नोव्हेंबरात जनरल मॅनेजर गेला आणि मार्चमध्ये ॲडम्सला मोकळं केलं. बुडत्या घरात माणूस बोलवायचा, त्यानं आपलं काम चोख करायचं, आणि घर सावरलं नाही म्हणून त्यालाच दार दाखवायचं. असा ट्रेड कुणी करू नये. तो त्या माणसावरचा अन्याय आहे.

आमच्याकडे तसं नव्हतं. इथं घर उभं होतं, एकाच जागी माणूस कमी होता, आणि ती जागा काय आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि येणाऱ्यालाही. २०२० मध्ये तिघांच्या वर उडणारा हॉपकिन्स कुणी मागत नव्हतं. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, आठ यार्ड हवे असताना गर्दीत जागा धरून चेंडू हातात ठेवणारा हवा होता. मामांना त्या दुसऱ्या पेठेनं वीसच मिनिटं दिली, पण त्यांना नेमकी कोणती वीस मिनिटं द्यायची हे त्या पेठेला कळत होतं. आमच्या कारभाऱ्यांना ते कळलं नाही. म्हणून माझं उत्तर तेव्हाही हो होतं आणि आजही हो आहे. पाचव्या फेरीतला तो अनोळखी पोरगा मला परका नाही, त्याला दुसरीकडे कुठेतरी मंच मिळेलच. पण हातात आलेला हंगाम त्याच्यासाठी थांबत नाही. लेकाला यातलं सगळं पटलं असं नाही. तो म्हणतो, दरवर्षी असंच म्हणत गेलीस तर पोरं येणार कुठून? त्याचंही खोटं नाही.

हॉपकिन्सनं आमच्यासाठी दहा सामन्यांत ४१ चेंडू घेतले, ४३७ यार्ड, चार टचडाउन. आपण १५ सामने जिंकले. डिसेंबरात मार्कीस ब्राउन खांदा बरा करून परत आला आणि प्लेऑफमध्ये हॉपकिन्सकडे चेंडू फारसा यायचा बंद झाला. त्याच्या जुन्या ह्यूस्टनला हरवलं, मग बफेलोला हरवलं, आणि बाराव्या हंगामात तो पहिल्यांदा सुपर बोलच्या मैदानावर उतरला. ९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. आमच्या घरी सात-आठ मराठी कुटुंबं जमली होती, मोठ्या पातेल्यात पावभाजी, पोरं सगळी लाल जर्सीत. लागोपाठ तिसरा चषक आणायचा होता. मध्यंतराला २४-० मागे होतो. कुणी बोलत नव्हतं. पाव तव्यावर तसेच राहून कडक झाले. तिसऱ्या सत्रात लोक आपापल्या चपला शोधायला लागले, झोपलेली मुलं खांद्यावर टाकून निघाले. शेवटी मी, लेक आणि फोनवर आबा उरलो. कोल्हापुरात पहाटे पाचला उठून ते बसले होते.

धावफलक ४०-६ होता, तीन मिनिटंही उरली नव्हती. माहोम्सनं सात यार्डांवरून फेकला आणि हॉपकिन्सनं घेतला. टचडाउन. त्याच्या सगळ्या आयुष्यातला सुपर बोलमधला पहिला. मी आबांना सांगितलं. माझा आवाज नीट येत नव्हता, कारण तो झेल अगदी तसाच होता, दोन्ही हातांत, अंगाशी ओढून घेतलेला, आणि त्याचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता. आबांनी विचारलं, "बॉल आईला दिला का गं त्यानं?"

मी टीव्हीकडे पाहत राहिले. "दिसलं नाही, आबा. इथून दिसलं नाही."

मार्चमध्ये बातमी आली. हॉपकिन्स बाल्टिमोरला चालला, एका वर्षाचा करार, ५० लाख डॉलर. या वेळी लेकानं ती मला सांगितली ती हळू आवाजात, ओट्यापाशी येऊन, बूट दारात काढून. त्याच्या खोलीच्या भिंतीवर त्या पावसातल्या मॅचचा फोटो अजून आहे. रात्री नऊला मी फोन लावला. आबांना सांगितलं की गडी चालला, दुसऱ्या गावाला.

"या खेपेला विचारलं का त्याला?"

"हो आबा. करार संपला होता त्याचा. या वेळी त्यानंच ठरवलं, स्वतः सही केली."

"मग बरं," आबा म्हणाले. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "त्या बाल्टिमोरला थंडी फार असते का गं?"